एस्तेरबाईंचा बिनवाटणीचा देव

आमची गिरणी आणि एस्तेरबाई रणभिसेंचं घर यांच्यात मिळून एकच भिंत. भिंतीच्या अलीकडं मी, माझा पट्टा आणि पीठ. पलीकडं एस्तेरबाई, त्यांची बाजाची पेटी आणि त्यांचा देव. माझं पीठ उडून त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसायचं आणि त्यांची गाणी उडून माझ्या गिऱ्हाइकांच्या कानात बसायची. फिटंफाट होती. तरी त्या आठवड्यातून एकदा दारात उभ्या राहून म्हणायच्याच, "खंडूभाऊ, आता एक दिवस मला तव्यावर टाका म्हणजे झालं. मळून तर तुम्ही रोजच ठेवताय."

बाई शिरूरच्या. तिथं मिशनच्या आवारात वाढलेल्या. वडील पोरांना सुतारकाम शिकवायचे. लग्न होऊन दौंडला आल्या त्या रेल्वेतल्या सामुएल रणभिसेंच्या घरी. सामुएलभाऊ पॉइंट्समन, बोलायला गरीब, लवकरच वारले. बाई एका बाळंतिणीच्या दवाखान्यात नर्स. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जगात आली, आणि ती पोरं म्हणजे आपलीच, असा त्यांचा कायमचा समज. कुणाची सून बाळंतपणाला पुण्याला नेली, तर बाई बारशाला जायच्या खऱ्या, पण पाळण्यात डोकावून म्हणायच्या, "हं. पुण्याचं दिसतंय." असं म्हणायच्या की जसं काही पोराचं नाक तिथं वाकडं बसवून दिलंय.

आता तुम्ही म्हणाल, बाई कद्रू असतील. तसं अजिबात नाही. रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखलं की पहिल्या हजर. पण त्यांना वाटणी जमायची नाही. कात्री मागायला गेलात तर कात्रीबरोबर स्वतः यायच्या. तुम्ही कापा, त्या बघणार, आणि कापून झालं की हात पुढं. त्यांच्या पेटीला तर सामुएलभाऊंनीसुद्धा कधी हात लावला नसावा. जे माझं ते माझं, आणि त्यात सगळ्यात वरच्या फळीवर त्यांचा प्रभू.

आणि त्या फळीच्या जरा खाली, पण इतरांच्या बऱ्याच वर, पुतळाबाई.

पुतळाबाई धनगराची. त्यांची मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली. हिच्या वाट्याला दोन म्हशी आल्या. गल्लीला दूध घालायची. हिचा शंभू जन्मला तेव्हा पायाळू होता आणि दवाखान्यातले डॉक्टर कुठंसं गेलेले. एस्तेरबाईंनी एकटीनं पोर सोडवलं. तेव्हापासून दोघींचं असं गूळपीठ जमलं, की पीठवाला असून मला त्यात जागा नव्हती.

दर गुरुवारी संध्याकाळी एस्तेरबाईंच्या घरी प्रार्थना असायची. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या चार-पाच बाया यायच्या. पुतळाबाई दूध घालून झाल्यावर किटली घेऊन तिथंच उंबऱ्यावर टेकायची. कपाळाला जेजुरीचा भंडारा, आणि तोंडात येशूचं गाणं. आत कधी गेली नाही, बाहेर कधी राहिली नाही. आवाज असा, की आतल्या पाच बाया एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात.

मी एकदा बाईंची कळ काढली. "बाई, इतकी वर्षं झाली. तुमची पुतळा काही उंबरा ओलांडत नाही. घरी जाऊन खंडोबाला दिवा लावतेच. तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

बाई म्हणाल्या, "खंडोबाचा कशाला राग? तो आणि मी समोरासमोर आहोत. तो म्हणतो पुतळा माझी, मी म्हणते आमच्या प्रभूची. दोघांनाही ठाऊक आहे भांडण कशावर आहे. आणि खरं सांगू का, तो माझ्या आधीचा आहे. मी वाट बघीन."

तुम्हीच सांगा, माणसानं देवाला असा सवतीचा मान दिलेला कधी ऐकलाय?

नव्वदच्या दशकात मल्हार गेला. मल्हार म्हणजे पुतळाबाईचा नवरा. कुरकुंभला एका कंपनीत वॉचमन होता. रात्रपाळी करून आला, चहा प्यायला, झोपला, तो उठलाच नाही. दुपारी गल्ली भरली. जो येईल तो पुतळाबाईला काहीतरी ऐकवून जात होता. तिचा एक चुलतसासरा, चांगला माळकरी माणूस, तिच्यापुढं बसून सांगत होता, "अगं, मल्हार गेला कुठं? कुडी गेली. आत्मा मरत न्हाई. रडतीस कशापायी?" मी शेजारीच उभा होतो. पुतळाबाईनं मान वर करून त्याच्याकडं असं बघितलं, की मी त्या म्हाताऱ्याला चहाच्या निमित्तानं बाजूला नेला.

आमच्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारची, सोयरीधायरीची माणसं पिठलं-भाकरी करून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. आणणाऱ्यानं पहिला घास आपल्या हातानं घरधनिणीच्या तोंडात घालायचा. ती नको म्हणते, मान फिरवते, तरी घालायचा. त्या दिवशी पहिली टोपली आली ती एस्तेरबाईंची. बाईंनी तोंडातून एक शब्द काढला नाही. प्रार्थना नाही, आत्मा नाही, काही नाही. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पुतळाबाईच्या तोंडाशी धरून बसून राहिल्या. किती वेळ बसल्या देव जाणे. हात अवघडला असंल, पण खाली घेतला नाही. शेवटी पुतळाबाईनं तोंड उघडलं आणि घासाबरोबर रडणंही बाहेर आलं.

एवढं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

दोन हजार साल उलटून गेलं आणि कुरकुंभ रस्त्याला 'सर्वज्योती केंद्र' निघालं. एका मोठ्या कंपनीतल्या साहेबाची बायको, प्रतिभाताई, पुण्याची. सगळे नुसतं 'ताई'च म्हणायचे. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर ताईंनी हॉल काढला. पांढरी फरशी, पांढऱ्या गाद्या, आणि समोरच्या भिंतीवर एका मापाच्या, एका रंगाच्या चौकटीत तसबिरी. राम, कृष्ण, बुद्ध, महावीर, येशू, नानक, आणि मक्केचा देखावा. सगळ्यांना सारख्या लांबीचे हार. मध्ये एक दिवा. "ज्योत एक, समया अनेक," ताई म्हणायच्या. बाई गोड होती, त्यात वाद नाही. कुणाची जात विचारली नाही, कुणाकडून पैसा घेतला नाही. धुण्याभांड्याच्या बायांना आपल्या शेजारी गादीवर बसवायची. आमच्या गावात हे थोडं नव्हतं.

आणि ताईंकडं इन्व्हर्टर होता. लोडशेडिंगचे दिवस. संध्याकाळी अख्खं दौंड पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचं आणि ताईंच्या हॉलमध्ये तीन पंखे गरगरत असायचे. देवानं मला माफ करावं, पण आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया ज्योतीला गेल्या की पंख्याला, हे मी अजून छातीठोक सांगू शकत नाही.

पुतळाबाई मात्र झोपेसाठी गेली. मल्हार गेल्यापासून तिची झोप गेली होती. दवाखाने झाले, अंगारे झाले. ताईंनी तिला डोळे मिटून श्वास मोजायला शिकवलं आणि पहिल्याच दिवशी पुतळाबाई गादीवर बसल्या-बसल्या अशी झोपली, की घोरण्यानं बाकीच्यांचं ध्यान मोडलं. ताईंनी कुणाला उठवू दिलं नाही. पुतळाबाई मला सांगत होती, "खंडूभाऊ, किती वर्सांनी गं बाई डोळा लागला! सपान बी न्हाई पडलं."

केंद्राचा वार कोणता? गुरुवार. वेळ? संध्याकाळची.

एस्तेरबाईंच्या उंबऱ्यावर पहिल्या गुरुवारी कुणी बसलं नाही. बाईंना वाटलं, म्हैस अडली असंल. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी दोनदा दार उघडून गल्लीत बघितलं. तिसऱ्या गुरुवारी मी सांगून टाकलं. सांगायची गरज होती का? नव्हती. पण पोटात ठेवलं असतं तर फुगलं असतं.

"तुमची पुतळा प्रभूच्याच दर्शनाला जातीय की, बाई," मी म्हणालो. "फक्त तिकडं त्याच्या दोन्ही बाजूंना सोबत हाय. इकडं बिचारा एकटाच असतो."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे मी बघितला, आणि मग गव्हाच्या डब्याकडं बघत राहिलो.

त्यानंतर जो काही जळफळाट सुरू झाला म्हणता! एस्तेरबाईंना दूध पातळ लागायला लागलं. पुतळाबाईची किटली वाजली की त्या आतूनच म्हणायच्या, "ठेव तिथं." आधी दुधाबरोबर अर्धा तास गप्पा असायच्या. आता दूध एकटंच यायचं. गुरुवारी बाई पेटीचा भाता असा दाबायच्या, की भिंतीवरचं माझं कॅलेंडर हलायचं. आवाज कुरकुंभ रस्त्यापर्यंत पोचवायचा असा चंगच. मंडळीतल्या एका बाईनं हळूच म्हटलं, "एस्तेरबाई, जरा खालच्या पट्टीत घ्या, घसा बसतो." तर म्हणतात, "ज्याला बसायचंय त्यानं बसावं. जाणारे गेले."

माझ्या बायकोला, धुरपदाला, मी म्हणालो, "बघ, एवढा जीव टाकणारं माणूस पाहिजे. तुला कधी वाटलं का, मला कुणी पळवून नेईल म्हणून?" धुरपदा म्हणाली, "नेणाऱ्याला गाडीभाडं मी दीन." असो. तर सांगत काय होतो.

एके दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. नवीन, तरणे, अहमदनगरकडचे. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सगळं ओकून टाकलं. खिडकी उघडी होती आणि माझ्या गिरणीची लाईट गेलेली, त्यामुळं ऐकू येणं भाग होतं. बाई म्हणत होत्या, "साहेब, आपल्या शास्त्रातच सांगितलंय ना, की देव ईर्ष्या करणारा आहे? त्याला दुसरा चालत नाही? मग मला चाललं नाही तर काय चुकलं?"

पाळकसाहेबांनी चहाचा घोट घेतला असावा. मग म्हणाले, "चुकलं नाही, बाई. पण ईर्ष्या त्याची आहे. त्यानं तुम्हाला त्यात भागीदार कधी केलं?"

बाई चिडल्या. "म्हणजे बघत बसू?"

"प्रभूसाठी जळताय की पुतळाबाईसाठी, तेवढं एकदा बघा," साहेब म्हणाले आणि उठले. पोरसवदा माणूस, पण बोलला खरं. बाईंनी त्या दिवशी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

बघत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. पुढच्या गुरुवारी इस्त्रीची साडी नेसून त्या केंद्रात निघाल्या. ताईंनी आमची गिरणी उद्घाटनाच्या प्रसादासाठी लावली होती, तेव्हापासून मलाही आवतण होतं. ते मला नेमकं त्याच दिवशी आठवलं.

ताई दारापर्यंत आल्या. "या, या! एस्तेरताई ना? तुमच्या आवाजाबद्दल किती ऐकलंय. आमच्याकडं येशूचं गाणं म्हणायला कुणीच नाही. दर गुरुवारी याल का? पेटी आहे आपल्याकडं."

एस्तेरबाईंनी भिंतीकडं बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. एक विचारू? तुमच्या बेडरूममध्ये साहेबांचा फोटो असेल."

"आहे ना. लग्नातला."

"आमच्या गल्लीत भले पुरुष बरेच आहेत. हे खंडूभाऊ आहेत, जीभ सोडली तर भला माणूस आहे. सगळ्यांना मी भाऊ म्हणते, मान देते. अडल्या वेळी त्यांच्यासाठी धावून जाते. म्हणून सगळ्यांचे फोटो आमच्या यांच्या फोटोशेजारी, एका मापाच्या चौकटीत लावू का?"

हॉलमध्ये दोघी-तिघी फिसकन हसल्या. मी एकदम ताठ बसलो. फोटोचं निघालं की माणूस बसतोच.

ताई हसल्या, पण चिडल्या नाहीत. "देव म्हणजे नवरा नाही हो, एस्तेरताई. नद्या वेगळ्या असतात. शेवटी समुद्राला मिळतात ना सगळ्या?"

"मिळतात," बाई म्हणाल्या. "आणि खारट होतात. मला तहान लागते, ताई. मला भीमेचंच पाणी बरं."

पुतळाबाई मागच्या गादीवर होती. ती उठली, बाईंच्या दंडाला धरून त्यांना बाहेर घेऊन आली. मी चपला शोधत होतो. चपला सापडल्या होत्या, पण मी शोधत होतो.

"ह्ये काय वो मांडलंय तुमी?" पुतळाबाई म्हणाली. "गरीब सोभावाच्या बाईला तिच्या घरात जाऊन बोलायचं व्हय?"

"तू कशाला येतेस इथं?"

"झोपाय येते. तुमच्याकडं झोप न्हाई येत मला. तुमच्याकडं मल्हार आठवतो."

"माझ्याकडं ज्याचं गाणं म्हणत होतीस, त्याला इथं सातातला एक करून ठेवलाय. तुला काहीच वाटत नाही?"

"आता मला सांगा," पुतळाबाईनं कमरेवर हात ठेवले. "इतकी वर्सं तुमीच सांगत आलात, त्यो समद्या जगाचा हाय. म्हनला व्हता का न्हाई? मग मी त्याला हितं बघितला तर तुमाला का झोंबलं? त्यो जगाचा हाय, का तुमच्या कपाटातली कात्री हाय?"

एस्तेरबाई पदर खांद्यावर ओढून चालायला लागल्या. चार पावलांवरून वळून म्हणाल्या, "उद्यापासून दूध नको."

झालं. डेअरीच्या पिशवीचं दूध सुरू झालं. पिशवीचा चहा पिताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं काढाच घेतायत. पुतळाबाई गल्लीतून जाताना त्यांच्या दारापुरती मान दुसरीकडं वळवायची, आणि बाई खिडकी लावून फटीतून बघायच्या. फटीतून कळतं का? कळतं. मी त्या फटीला बाहेरून रामराम घालायचो.

ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले होते, तेही असेच गेले. बाई वाळल्या. लोक म्हणायचे, उपास कडक धरलेत. मला माहीत होतं त्यांना कशाचा उपास घडतोय ते.

एप्रिल उजाडला. एका गुरुवारी दुपारी पुतळाबाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली.

"रवाळ काढा, खंडूभाऊ. शिऱ्याला पायजे."

"कुणाचं लगीन काढलंस?"

"लगीन न्हाई. उद्या केंद्रात सण हाय. इशूचा. ताई म्हनल्या, पुतळाबाई, तुमच्या हातचा शिरा करा, साजूक तुपातला. दारात रांगोळी हाय, समद्यांना पांढरी फुलं देणारेत."

मी पट्टा चढवत होतो तो थांबलो. त्या भिंतीला लागून आयुष्य काढलंय मी. बाकी काही कळो न कळो, त्यांचं वर्षाचं पंचांग मला पाठ आहे.

"अगं, उद्या त्यांचा उत्तम शुक्रवार."

"तेच की. गुड फ्रायडे म्हनत्यात."

"उद्या त्याला खिळे ठोकले. गेला तो उद्या. बाईंच्या घरी उद्या सकाळपासून चूल पेटत नाही. पांढरी साडी नेसून बारापासून तीनपर्यंत त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, बसतात आणि डोळे सुजवून येतात. इतकी वर्षं दूध घालतेस, तुला दिसलं नाही?"

"त्या दिवशी दूध नगं म्हनायच्या. मला वाटायचं उपास असंल." पुतळाबाईचा हात गव्हात होता, तो तिथंच राहिला. "म्हंजी... मयत?"

"मयत."

"ताईंना ठावं न्हाई?"

"ताईंना ठाऊक नसेल असं होईल का? शिकलेली बाई आहे."

ती डबा तिथंच ठेवून गेली. तासाभरानं परत आली ती कुरकुंभ रस्त्यानं, उन्हानं लाल होऊन. पाणी प्यायली. मग म्हणाली, "ठावं हाय त्यास्नी. म्हनल्या, पुतळाबाई, मरण ही खोटी गोष्ट. कुडी जाती, ज्योत ऱ्हाती. म्हनून आपन दुख करायचं न्हाई, आनंद करायचा. लई मायेनं बोलल्या. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला."

"मग?"

"मग काय? मल्हार गेला तवा आमचा चुलत मामंजी ह्येच म्हनत व्हता. त्याला बी माया व्हतीच की." तिनं गव्हाच्या डब्याचं झाकण लावलं. "मी सांगून आले, शिरा माझ्या हातनं व्हनार न्हाई. दुसऱ्या कुनाला सांगा. त्या बरं म्हनल्या, बिचाऱ्या. गहू ऱ्हाऊ द्या, खंडूभाऊ. बाजरी आनते. आन् हरबऱ्याची डाळ बी. बारीक काढा."

मी काढून दिली. त्या दिवशी मी कळ काढली नाही. माणसाच्या आयुष्यात असा एखादा दिवस येतो.

शुक्रवारी केंद्रात शिरा झाला, चांगला झाला म्हणतात. दुसरीनं केला. पांढरी फुलं वाटली, पंखे फिरले.

तिकडं एस्तेरबाई साडेतीनच्या उन्हात देवळातून आल्या. पांढरी साडी, पायांत धूळ, डोळे सुजलेले. पायरीवर टेकून कुलूप काढायला किल्ली शोधत होत्या, तेवढ्यात पुतळाबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं. कपाळाला भंडारा नव्हता. कोरं कपाळ. तिनं टोपली पायरीवर उतरवली.

बाईंनी वर बघितलं आणि मग टोपलीकडं. पिठल्याचा वास लपतो थोडाच?

"हे काय?"

"तुमच्या घरात मयत झालंय. चूल पेटवू नगा."

बाईंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं सांगता येत नाही. नर्सबाई होत्या, पण शास्त्राच्या पक्क्या. आपल्या प्रभूसाठी धनगराच्या घरचा कडू घास! ताईंनी हार घातला म्हणून तणतणत आलेल्या बाईनं हे कुठं बसवायचं?

"पुतळे," त्या म्हणाल्या, "आमच्यात प्रभूसाठी असं नसतं गं करायचं."

"मयत असतं का?"

"...असतं."

"मानूस तुमचं व्हतं का?"

बाईंनी नुसती मान हलवली.

"मग भाकरी बी असती," पुतळाबाई म्हणाली. ती खाली बसली, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास बाईंच्या तोंडाशी नेला. बाईंनी मान फिरवली. तिनं हात मागं घेतला नाही. गल्लीतून दोन सायकली गेल्या, एक बकरी आली, टोपलीचा वास घेऊन गेली, मी तिला हाकललं. पुतळाबाईचा हात होता तिथंच.

मग एस्तेरबाईंनी तोंड उघडलं.

बाया रडतात तशा त्या नाही रडल्या. देवळात जे काय तीन तास रडून झालं होतं ते वेगळं असावं. हे भाकरीबरोबरचं होतं. पुतळाबाई पदरानं त्यांचं तोंड पुसत होती आणि दुसरा घास करत होती.

बऱ्याच वेळानं पुतळाबाईनं विचारलं, "तिसऱ्याला काय असतं तुमच्यात? आमच्यात राख सावडाय जात्यात."

"आमच्यातही बाया गेल्या होत्या," बाई म्हणाल्या. आवाज बसलेला. "रविवारी, अगदी पहाटे. थडग्यावर. सुगंधी मसाले घेऊन गेल्या होत्या, अंगाला लावायला. पुरुष घाबरून घरात बसले होते."

"बसनारच. मंग?"

"धोंड सरकलेली. आणि आत कुणीच नाही."

"कुनी चोरून न्हेला?"

"त्यांनाही आधी तसंच वाटलं. तो उठला होता, पुतळे."

मल्हारला सावडायला गेलेल्या माणसांबरोबर पुतळाबाई हट्टानं गेली होती, हे गल्लीला माहीत होतं. तिथं काय सापडतं ते तिला माहीत होतं. तिनं टोपलीवरचं फडकं दोनदा घडी केलं, दोनदा मोडलं.

"आन् ताई म्हनत्यात, मरण खोटंच असतं."

"खोटं नाही गं. खरंखुरं मेला. माझे सामुएल गेले तसा, तुझा मल्हार गेला तसा. म्हणून तर उठला याला काही अर्थ आहे. आधी रडावं लागतं."

"मग मी येते रविवारी. पहाटं दूध काढून. बगाय." आणि लगेच बोट वर करून, "पर मी दारातच बसनार. खंडोबाला सांगून येनार. आन् गुरुवारी केंद्रात बी जाईन. झोप येती मला तितं. आता परत तोंड फुगवायचं न्हाई."

मी भिंतीच्या कडेला आणखी सरकलो. आता पेटणार. एस्तेरबाईंनी नाक ओढलं. तोंडातला घास गिळला. वाटणीचा प्रश्न होता, आणि त्या वाटणीत कच्च्या होत्या, हे मी आधीच सांगितलंय. जीव गलबलला असंल, पण रागानं त्यांची नाकपुडी फुललेली मला इथून दिसत होती.

"झोपायला जा तिकडं," त्या शेवटी म्हणाल्या. "रडायचं असलं की इकडं यायचं. दुसऱ्या कुणाकडं रडलेलं मला चालायचं नाही. सांगून ठेवते."

"बरं."

"आणि उद्यापासून दूध घाल. पिशवीचं दूध म्हणजे नुसतं पांढरं पाणी."

"महिनाभर ढोसलंत की."

"ढोसलं. गप बस."

रविवारी पहाटे पुतळाबाई देवळाच्या दारात किटली घेऊन बसली होती. भंडारा होता कपाळाला. आणि गाणं सुरू झालं तेव्हा आतल्या पन्नास माणसांचा आवाज एका पारड्यात आणि हिचा एकटीचा दुसऱ्यात, असं पाळकसाहेब मला स्वतः सांगत होते. एस्तेरबाई पुढच्या बाकावरून सारख्या मागं वळून बघत होत्या म्हणे, कुणी दुसरी तिच्याशेजारी येऊन बसत नाही ना. त्या दोघींचं पुढंही असंच चाललं. दर वर्षी त्या शुक्रवारी साडेतीनला टोपली येणार म्हणजे येणार.

पण त्या पहिल्या शुक्रवारचं एक राहिलंच. दोघी पायरीवर बसून खात होत्या, पिठल्याला लसणाची काय फोडणी होती म्हणता, मला राहवेना. मी भिंतीआडून बाहेर आलो, हात धुतल्यासारखे चोळले आणि म्हणालो, "बाई, आम्ही पण शेजारीच की. दुखवटा आम्हालाही आहे. एक चतकोर इकडं—"

एस्तेरबाईंनी सुजल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं, फडकं टोपलीवर ओढलं आणि टोपली मांडीवर घेतली.

"खंडूभाऊ," त्या म्हणाल्या, "ही माझी आहे."